म्हैस आटली, हे त्यांना कळवू का?

२०२५ च्या मे महिन्यातल्या, भारत-पाकिस्तान लढाईच्या त्या चार दिवसांनी आमची पेटी भरून टाकली. एरवी या सदराला पत्रं येतात ती पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची, वारस नोंदीची, हरवलेल्या मनीऑर्डरीची. या खेपेला निम्म्याहून जास्त पत्रांत एकच गाऱ्हाणं होतं, आणि ते म्हणजे गाऱ्हाणं करावं की नाही. नवीन वाचकांसाठी सांगतो: मी टपाल खात्यातला माणूस. त्यातली चार वर्षं, १९९७ ते २००१, डेप्युटेशनवर फौजेच्या डाकसेवेत काढली. कामठीला ट्रेनिंग झालं, अंगावर वर्दी चढली, काम मात्र तेच राहिलं: थैली उघडा, छाटणी करा, थैली बांधा. त्यामुळे मला जे कळतं ते पत्रांतून कळलेलं आहे. मानसशास्त्र वगैरे मला विचारू नये.

प्रश्न : काका, आमचे हे फौजेत आहेत, तोफखान्यात. चुलत नणंदेच्या लग्नासाठी सुट्टीवर आले होते. हळदीच्या दिवशीच फोन आला आणि ८ मे रोजी लातूरहून गाडीत बसले. मग तीन दिवस काहीच नाही. फोन आला तेव्हा रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडले नाही, पण तोंडातून सगळं निघालं. बोअर गचके मारतोय, म्हैस आटली, घरात ठेवलेलं सोयाबीन शेवटी पडत्या भावानं आडतीवर घातलं, आणि भावकीनं नांगरटीत बांध आमच्याकडं दोन हात सरकवला. दीर शेजारीच उभे होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, ‘वहिनी, तिकडं माणूस जिवावर उदार होऊन उभाय आन् तुम्ही त्याला म्हशीचं सांगता? खचला म्हंजे?’ तेव्हापासून मी ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणते. आता तेही ‘ठीक आहे’ म्हणतात. दोन मिनिटांत फोन संपतो. माझं चुकलं का?
(औसा तालुका. नाव दिलेलं आहे, छापत नाही.)

उत्तर : ताई, चुकलं ते दुसऱ्या फोनला, पहिल्या नाही.

तुमच्या दिरांना मी वाईट म्हणणार नाही. भावाच्या काळजीनंच बोलले असतील. पण त्यांनी फौजेतला माणूस सिनेमातला धरला. मी पाहिला तो डाकेच्या थैलीवर बसलेला.

जून १९९९, कारगिलची लढाई. सोनमर्गजवळ, झोजिलाच्या अलीकडे आमचं फील्ड पोस्ट ऑफिस तंबूत होतं. श्रीनगर–लेह रस्त्यावर पुढे द्रासकडं डोंगरावरून तोफा लागत होत्या, म्हणून गाड्या रात्री, दिवे न लावता जायच्या. दिवसा युनिटांचे डाक नेणारे जवान यायचे, आपापल्या युनिटची थैली घ्यायचे. टोलोलिंगचं शिखर १३ जूनला आपल्या हाती आलं, त्याच्या आगेमागे दोन-तीन दिवसांतली गोष्ट. तोफखान्याचा एक जवान आला. भूम तालुक्यातला. मराठी बोलणारा भेटला म्हणून माझ्यापासून हलेचना. थैलीत त्याचंही पत्र निघालं. बायकोचं इनलँड, म्हणजे एकाच कागदाचं घडीचं पत्र. तिन्ही घड्या भरून कडेच्या समासातही आडवं लिहिलेलं, आणि जिथं पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा तिथंही दोन ओळी. तो थैलीवर बसून मोठ्यानं वाचायला लागला. म्हशीनं लाथ मारून चरवी सांडली. पोराला शाळेत बूट लागतात, मास्तर चपलेवर बसू देत नाहीत. चुलत्यानं बांध कोरला. धाकटे भाऊजी रात्री घरी कसे येतात ते मी लिहीत नाही, तुम्हीच समजा. वाचता वाचता चुलत्याला त्यानं अशी शिवी हासडली की बाजूचा गढवाली हवालदार भाषा न कळताच हसला. मग माझ्याकडं इनलँड मागितलं आणि तिथंच, गुडघ्यावर धरून उत्तर लिहिलं. मला ऐकवलंही. बांधाला केकताड लाव, काट्याला भिऊन चुलता कोरणार नाही. म्हशीला सरकी पेंड वाढव. पोराच्या बुटाला पैसे धाडतो, पण मास्तरला माझं नाव सांगून एकदा भेट. लिहून झाल्यावर जीभ लावून घडी चिकटवली, थैली खांद्यावर टाकली आणि गेला. बारा तासांनी तो पुन्हा तोफेवर असणार होता. त्या अर्ध्या तासापुरता तो भूम तालुक्यातल्या एका घराचा कर्ता होता.

त्याच आठवड्यात दुसरा एक. तो आपल्याकडचा नव्हे, पण पत्र हिंदीत होतं म्हणून मलाही कळलं. तीन ओळी. ‘इथं सगळे खुशाल आहेत. आमची काळजी करू नका. आपली काळजी घ्या.’ त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. मग मला विचारतो, ‘साहेब, यातलं एखादं पान गळालं का?’ इनलँडातून पान कुठून गळणार? दिवसभर तो फोन कुठून लागेल ते शोधत फिरला. त्याला घरात कोण गेलं हे जाणून घ्यायचं होतं. कोणीही गेलं नव्हतं. कुणा शहाण्यानं घरच्यांना सांगितलं होतं, की जवानाला त्रास होईल असं लिहू नका.

आपल्याकडं तर हे आणखीच खरं आहे. गावाकडं बाहेरगावच्या पोराला ‘काही नाही, सगळं ठीक आहे, तू फक्त ये’ असा निरोप जातो तेव्हा काय झालेलं असतं, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तारेच्या जमान्यात ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ यायचं. (ती तार निम्म्या वेळा सुट्टीसाठीच केलेली असे. साहेब लोकांनाही ते माहीत होतं आणि तरी सुट्टी देत, कारण उरलेल्या निम्म्या वेळा आई खरंच जायची.) तुमचे मालक ‘ठीक आहे’ ऐकून निर्धास्त होत असतील असं मला वाटत नाही. मधल्या गाळलेल्या जागा ते स्वतःच भरत असतील, आणि रात्रीच्या पहाऱ्यात माणूस त्या जागा कशानं भरतो ते मी पाहिलं आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझी बायको हे छापून आल्यावर अंक माझ्या डोक्यात मारेल.

सन २००० मध्ये मी ९९ एपीओच्या (एपीओ म्हणजे फौजेचं डाकघर) हद्दीत, म्हणजे ईशान्येकडं होतो. माझे वडील केज तालुक्यात ईडी पोस्टमन होते. तेव्हाची ईडी म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, आताची नव्हे. पायी टपाल वाटून गुडघे गेले होते, त्यात छातीचं दुखणं निघालं. एका दवाखान्यात अकरा दिवस होते. तिथं नीट बघितलं नाही, मग दुसरीकडं हलवावं लागलं. मला त्या तीन आठवड्यांत बायकोची दोन पत्रं आली. दोन्हींत ‘मामा खुशाल आहेत’. सुट्टीवर घरी आलो तर वडील खाटेवर अर्धे उरलेले. मी बायकोवर असा बिघडलो की वर्षभर त्या गोष्टीचा विषय निघाला की जेवण टाकून उठायचो. शेवटी एकदा ती म्हणाली, ‘कळवलं असतं तर काय केलं असतं तुम्ही? तिकडून सलाईन लावलं असतं?’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पण तेवढ्यावरून तिचं बरोबर आणि माझं चूक असंही मी मानत नाही. मला राग सलाईनचा नव्हता. मी त्या तीन आठवड्यांत शेकडो माणसांची दुखणी-खुपणी थैलीत भरून पोहोचती केली आणि माझ्या बापाची माझ्यापर्यंत आली नाही, याचा होता.

तेव्हा ताई, मी करतो ती विभागणी अशी. म्हैस, बोअर, सोयाबीन, बांध, पोराचा अभ्यास, सासूबाईंची कुरबुर, हे सगळं सांगा. सोयाबीनला हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि तुम्ही केवढ्याला घातलं, हा आकडा तर सांगाच. पुढच्या खेपेला थांबायचं की विकायचं हे दोघांनी मिळून ठरवता येईल. फक्त गाऱ्हाण्याच्या शेपटाला दोन गोष्टी जोडा: मी आतापर्यंत काय केलं, आणि तुम्हाला काय विचारायचं आहे. ‘म्हैस आटली’ एवढ्यावर सोडलं तर तो तिकडं हात चोळत बसतो. ‘म्हैस आटली, गाभण आहे असं डॉक्टर म्हणाले, ठेवू की बाजार दाखवू?’ म्हटलं की त्याला काम मिळतं. भांडण गरम असताना फोन करू नका, आणि त्यांची ड्यूटी चढायच्या वेळेला तर नाहीच. कुठं आहात, किती जण आहात हे विचारू नका. ते सांगणारही नाहीत.

मोठं आजारपण किंवा त्याहून वाईट काही असेल, तर थेट त्यांच्या कानावर घालण्याआधी युनिटला कळवा. नंबर तुमच्याकडं असेलच. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते पोहोचवतात. युनिटातल्या साहेबाला किंवा उस्तादाला माणसाला बाजूला घेऊन कसं सांगायचं, रात्री कोणी सोबत झोपायचं, गाडीचं आरक्षण कसं करायचं, हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बांधाचं मात्र रडत बसू नका, ते काम होण्यासारखं आहे. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात तुम्ही करा. तिकडं मालकांना सांगा, की आपल्या कमांडिंग ऑफिसरकडं अर्ज द्या. जवानाच्या शेतीच्या तंट्यात सीओच्या सहीचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडं जातं, आणि अशा पत्राची फाईल तलाठ्याच्या टेबलावर इतर फायलींसारखी झोपत नाही. भावकीनं उलटा दावा टाकलाच तर घाबरू नका. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट म्हणून १९२५ चा कायदा आहे. जवान युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत नेमणुकीवर असेल आणि तसं प्रमाणपत्र आलं, तर त्याच्या पाठीमागं खटला चालवता येत नाही, कोर्टाला थांबावं लागतं. इंग्रजांनी केलेला कायदा आहे. त्यांनाही कळत होतं, की खंदकातल्या माणसाचं अर्धं लक्ष बांधावर असतं.

प्रश्न : मी नांदेडला पोलीस भरतीची तयारी करतो. ९ मे रोजी सकाळी ग्राऊंडवरून येताना पेट्रोल पंपावर तासभर रांगेत थांबलो. आदल्या रात्री टीव्हीवर कराची बंदर उडवल्याचं दाखवलं होतं, ते खोटं निघालं. दोन्हींबद्दल आमच्या अकॅडमीच्या ग्रुपवर वैतागून लिहिलं. मला देशद्रोही म्हणून ग्रुपमधून काढलं. लढाईच्या दिवसांत तक्रार केली तर मनोबल खच्ची होतं का?

उत्तर : बाळा, भरती होशील तेव्हा हा किस्सा सांगायला उरेल. सध्या ग्राऊंडवर लक्ष दे.

ज्या फौजेचं मनोबल टिकवायला तुला काढलं, त्या फौजेत तक्रारीला कायद्यात जागा आहे. आर्मी ॲक्ट १९५०, कलम २६. अधिकारी सोडून कोणाही सैनिकाला वरिष्ठाकडून अन्याय झाला असं वाटलं तर तक्रार करता येते. खोटी तक्रार करशील तर त्याला शिक्षेचं वेगळं कलम आहे, ५६. पुस्तकातलं सोड, रोजचं बघ. जेवणाच्या वेळी ड्यूटीवरचा अधिकारी लंगरात येतो, डाळ चाखतो आणि विचारतो, ‘कोई शिकायत?’ बहुतेक वेळा कोणी बोलत नाही. पण मी एकदा एका जवानाला उभं राहून सांगताना ऐकलं, ‘साब, दाल में दाल कम है.’ सगळा तंबू हसला, साहेबही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून डाळ घट्ट झाली. त्या युनिटनं पुढं काय केलं ते इथं सांगत नाही, पण खचलेली माणसं ती नव्हती.

लोकांच्या तोंडाला कुलूप घालायचा प्रयोग मोठ्या-मोठ्यांनी करून झाला आहे. १९४० च्या जुलैत, फ्रान्स पडल्यावर, इंग्लंडच्या माहिती खात्यानं ‘सायलेंट कॉलम’ नावाची मोहीम काढली. निराशेचं बोलायचं नाही, बोलणाऱ्याला गप्प करायचं. त्याच दिवसांत लोकांवर नुसत्या बोलण्यावरून खटले भरले गेले. लोक आपल्याच माहिती खात्यावर चिडले. महिना संपायच्या आत चर्चिलनं पार्लमेंटात ती मोहीम गुंडाळल्याचं सांगून टाकलं. त्याच माहिती खात्याचा दुसरा एक विभाग मात्र लोक कशावर कुरकुरतात याची रोजच्या रोज टिपणं काढत होता, आणि ती वरपर्यंत वाचली जात होती. पहिल्या कामापेक्षा दुसरं शहाणपणाचं. जर्मनीत मात्र ‘लढाऊ वृत्ती खच्ची केली’ या आरोपाखाली माणसं फासावर गेली. तरी ते हरलेच.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या आपल्या शिपायांची पत्रं वाचायला इंग्रजांनी सेन्सॉर बसवले होते. शिपाई हुशार. गावाकडं मसाल्याचं लिहायचे: काळी मिरी किती संपली, लाल मिरची अजून किती आहे. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळलं, त्यांनी टिपणात लिहिलंही. म्हणजे तोंड बंद केलं की तक्रार मरत नाही, फक्त मसाल्याच्या डब्यात जाऊन बसते.

आता तुझं थोडं कान पकडणं. पंपावरची रांग कोणी लावली? तू, मी आणि तुझ्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी मिळून. पेट्रोल भरपूर आहे, घाई करू नका असं निवेदन त्याच ९ मे रोजी इंडियन ऑईलनं काढलं होतं. टीव्हीबद्दल तू म्हणालास ते बरोबर होतं. त्या खोट्या बातमीनं नुकसान कोणाचं झालं सांगू? वरच्या पत्रातल्या ताईसारख्या बायकांचं, ज्या तीन दिवस फोनची वाट बघत रात्रभर तो टीव्ही बघत बसल्या. तक्रार करायची तर त्या वाहिनीकडं कर, नावानिशी, खाली सही करून. ग्रुपवर टाकलेल्या तक्रारीवर पत्ता नसतो, आणि बिनपत्त्याच्या टपालाचं काय होतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

प्रश्न : माझं वय ८१. ६५ च्या लढाईत शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, आम्ही सोडलं. नातवंडं म्हणतात, ‘आजोबा, तुम्हाला तसंही मिळत नव्हतं.’ लोक तेव्हा हसत उपाशी राहत होते हे खरं ना? (परभणी)

उत्तर : दादा, नमस्कार. मी तेव्हा चार वर्षांचा, त्यामुळे साक्ष माझ्या आईची. आमची आई परळीच्या वैजनाथाचा सोमवार धरायची, तुमच्याकडं औंढ्याच्या नागनाथाचा धरतात तसाच. तिला कोणीतरी सांगितलं, की पंतप्रधानांनी सोमवारी एक वेळ सोडायला सांगितलंय. ती म्हणाली, ‘सोमवार तर माजा आधीचाच हाय. त्यायला दुसरा वार मागाया काय झालतं?’ आणि मग तिनं गुरुवारही धरला. शास्त्रीजींच्या नावाचा. ते ताश्कंदला वारले, ११ जानेवारी १९६६ ला, त्याच्या पुढेही कितीतरी वर्षं धरत होती. प्रत्येक गुरुवारी संध्याकाळी चुलीपुढं बसून कुरकुरायची, आणि एकही मोडला नाही.

हसत राहायचे असं नातवंडांना सांगू नका, ती विश्वास ठेवणार नाहीत. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल तुम्ही काय काय बोलला असाल ते सांगा. ती थापताना कशी फाटायची, पोटात कशी बसायची. मी ती बहात्तरच्या दुष्काळात खाल्ली, सुकडीच्या जोडीला. आईनं मिलोला दिलेल्या शिव्या अजून तोंडपाठ आहेत, पण संपादक छापणार नाहीत.

प्रश्न : फौजेच्या पोस्टात असताना तुम्ही लोकांची पत्रं फोडून वाचायचा का? (कंधार)

उत्तर : नाही. वर जी दोन सांगितली ती वाचणाऱ्यांनीच ऐकवली. पोस्टकार्डं मात्र वाचायचो. ती उघडीच असतात.

प्रश्न : मोबाईल असताना जवानाला पत्र पाठवावं का? पत्ता कसा लिहावा? (अंबड)

उत्तर : पाठवावं. फोन संपला की संपला, पत्र खिशात राहतं. पत्त्यात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, त्याखाली मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, जे त्यांनी सांगितलं असेल ते, आणि ९ नं सुरू होणारा पिन. गावाचं, डोंगराचं, राज्याचं नाव लिहायचं नाही. लिहिलं तर पत्र उलट उशिरा पोहोचतं. इनलँड अडीच रुपयाला मिळतं. आतल्या घडीवरही लिहा, ती जागा बरेच जण कोरी सोडतात. आणि चिकटवताना वरून वेगळा डिंक थापू नका, कडेला आहे तेवढा पुरतो. जास्त लावलं की उघडताना शेवटच्या दोन ओळी फाटतात, आणि बायका महत्त्वाचं ते शेवटीच लिहितात.